परत आलेल्यांची नोंद



सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूच्या कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत अथवा देवळाच्या आवारात एक लहानशी दगडी पाटी बसविलेली आढळते. पहिले महायुद्ध आटोपल्यावर तत्कालीन सरकारने ती बसविली. मजकूर अगदी त्रोटक असतो. या गावातून महायुद्धास इतके पुरुष गेले, पैकी इतक्यांनी प्राण वेचले, एवढेच. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर याच कारणाने 'अपशिंगे मिलिटरी' म्हणून ओळखले जाते. त्या एका गावचे ४६ जवान त्या युद्धात कामास आले. ज्या सभासदांची मुळे घाटावर वा कोकणात आहेत त्यांनी सुटीत गावी गेल्यावर अशी पाटी पाहिली असेल आणि तिच्यासमोर क्षणभर हातही जोडले असतील.

पाटीवर आकडे दोनच. पहिल्यातून दुसरा वजा केला म्हणजे जे उरतात ते सुखरूप परत आले, असा आपला समज असतो. परत आले म्हणजे काय आले? देह आला, बिल्ले आले, पेन्शनीचा कागद आला. त्यांबरोबर मनही परत आले की नाही, याची नोंद ठेवण्याची रीत सरकारात नव्हती आणि आपल्यातही नव्हती. प्रस्तुत लेख त्या न कोरलेल्या तिसऱ्या आकड्याविषयी आहे. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी घराण्यांच्या वंशावळी, सनदा आणि लढायांचे वृत्तांत प्रसिद्ध होतात. ते व्हावेत, त्याविषयी तक्रार नाही. परंतु ज्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या पलटणींना माणसे पुरविली, तिने पलटणीतून परतलेल्या माणसाचे पुढे काय झाले हेही एकदा पाहावे, असे वाटते.

आपल्या वीरकथांची एक खोड आहे. पोवाड्यातला वीर रणातच पडतो. १६६० साली बाजीप्रभू खिंडीत पडले, १६७० साली तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, आणि शाहिराने डफ खाली ठेवला. लढाईत बाजूचा सोबती छिन्नविच्छिन्न झालेला पाहून जो घरी आला, ज्याला पुढे वीस वर्षे दिवाळीचा फटाका वाजला की घाम फुटत असे, त्याचा पोवाडा रचावयाचा कसा? त्याला शेवटचा चौक नाही. म्हणून तो कोणी रचला नाही, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात एक समज मात्र घट्ट बसला की पुरुष एकतर जिंकतो किंवा मरतो. त्याला तिसरी गती नाही.

या समजाला पहारा देणारी वाक्ये घरोघर असतात. 'हातांत बांगड्या भरल्या आहेत काय?', 'बायकांसारखा रडतोस काय?' ही त्यांतली नेहमीची. कोणी म्हणेल, ही आपल्याकडील जुनी रांगडी बोली, सुधारलेल्या देशांत असे नसेल. वस्तुस्थिती तशी नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे फिट्झजेरल्ड नावाच्या एका निवृत्त ॲडमिरलने तीस स्त्रियांना हाताशी धरून असा उपक्रम सुरू केला की, रस्त्यात जो तरुण गणवेशाविना दिसेल त्याच्या कोटाला पांढरे पीस टोचावयाचे. पांढरे पीस म्हणजे भ्याडपणाची खूण. ही लाट देशभर पसरली, आणि रणांगणावरून जखमी होऊन आलेल्या, साध्या कपड्यांत फिरणाऱ्या शिपायांनाही ती पिसे मिळाली. बांगडी आणि पीस यांत फरक केवळ पदार्थाचा.

गंमत अशी की आपली भाषा मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. 'धसका घेणे', 'हाय खाणे', 'झुरणीस लागणे', 'वाचा बसणे' हे शब्दप्रयोग कोणा डॉक्टराने घडविलेले नाहीत. मनाला बसलेला मार देहावर कसा उमटतो हे ज्यांनी पाहिले त्या आयाबायांनी आणि शेतकऱ्यांनी ते घडविले. आणि इतिहासानेही एक मोठे उदाहरण आपल्यापुढे ठेवले आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले. नानासाहेब पेशवे त्या वेळी उत्तरेच्या वाटेवर होते. भेलशाच्या आसपास त्यांना ही वार्ता कळली. ते परत फिरले, पुण्यास आले, आणि त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर वारले. वय अवघे चाळीस. प्रकृती आधीपासून ढासळलेली होती हे खरे. तथापि पुत्रशोकाने आणि बंधुशोकाने ते खचले हे मराठी माणसाने कधी नाकारले नाही. पेशव्यांना जे दुःख शोभले ते शिपायाला शोभत नाही, असे मात्र आपण न बोलता ठरवून टाकले.

आता महायुद्धाकडे वळू. मराठी शिपायाचा आणि त्या युद्धाचा मुख्य संबंध फ्रान्सशी नसून मेसोपोटेमियाशी, म्हणजे आजच्या इराकशी आहे. (फ्रान्समध्ये मराठे नव्हते असे नाही. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यव्ह शापेल येथे मुंबई इलाख्याच्या सॅपर्स-मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्यांची जी दाणादाण झाली, तिच्यात आपली माणसे होती.) 'पूना डिव्हिजन' या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा तिच्या हाती आले. पुढे वर्षभर टायग्रिसच्या काठाकाठाने ती वर सरकत राहिली. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी तिच्यात होत्या. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुर्कांशी गाठ पडली, चार हजारांहून अधिक माणसे जायबंदी झाली किंवा मेली, आणि सेनापती टाउनशेंड आपले सैन्य घेऊन माघारी कूत-अल-अमारा या गावी येऊन बसला. ७ डिसेंबरपासून वेढा पडला.

तो वेढा १४७ दिवस चालला. नदीच्या वळणातले चिखलाचे गाव, हिवाळ्यात खंदकात गुडघाभर पाणी, आणि दर आठवड्याला कमी होत जाणारा शिधा. गोऱ्या शिपायांना घोड्यांचे मांस देण्यात येऊ लागले. हिंदी शिपायांनी ते घेण्यास नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागविण्यात आल्या, तरीही कित्येक आठवडे बहुतेकांनी ताटाला हात लावला नाही. त्यांची भीती देवाची जितकी होती तितकीच गावाची होती. परत गेल्यावर भावकी काय म्हणेल, मुलीचे लग्न होईल काय, हा प्रश्न बंदुकीच्या गोळीपेक्षा जवळचा होता. अखेर एप्रिलमध्ये, रक्तपितीने हिरड्या सुजून माणसे पटापट मरू लागली तेव्हा, बरेचजण नाइलाजाने ते मांस खाऊ लागले. वेढ्याच्या शेवटी विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा प्रयत्न झाला; काही पोती नदीत पडली, काही शत्रूच्या हद्दीत. वेढा फोडण्यासाठी बाहेरून आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली, आणि कूत सुटले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली.

पुढची कथा अधिक दारुण आहे. या उपाशी माणसांना बगदाद, मोसूल, रास-अल-ऐन असे शेकडो मैल उन्हातून चालविण्यात आले आणि पुष्कळांना रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. हजारो परतले नाहीत. सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळील एका बेटावर सन्मानाने राहिला आणि कैदेत असतानाच इंग्रज सरकारने त्याला 'सर' केले. शिशिर सर्वाधिकारी नावाचा एक बंगाली तरुण बेंगॉल ॲम्ब्युलन्स कोअरमधून या कैदेत सापडला होता. त्याने आपली टिपणे बुटांत लपवून जपली आणि सुमारे चाळीस वर्षांनंतर 'अभि ले बगदाद' या नावाने त्यांचे बंगालीत पुस्तक केले. चाळीस वर्षे! हा शिकलेला माणूस होता. ज्याला अक्षर येत नव्हते, त्याचे कूत त्याच्याबरोबरच गेले.

कूतमध्ये जो शिपाई पाच महिने बसला त्याचा एक विशेष ध्यानात घ्यावा. त्याला हल्ला करता येत नव्हता, पळता येत नव्हते, आणि शरण जाणे त्याच्या हातात नव्हते. पुरुषार्थाची जी व्याख्या तो घरून घेऊन आला होता तिच्यात नुसते बसून मार खाणे हे कोठेच नव्हते. याच सुमारास फ्रान्समधील खंदकांत नेमके तेच घडत होते. मैल-मैल दुरून तोफा सुटत आणि माणसाने खड्ड्यात अंग चोरून बसावयाचे. तेथल्या डॉक्टरांपुढे विलक्षण रोगी येऊ लागले. देहावर ओरखडा नाही, पण डोळ्यांना दिसत नाही. पाय धड आहेत, पण उभे राहवत नाही. जीभ शाबूत आहे, पण वाचा बसलेली. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञ डॉक्टराने अशा तीन रोग्यांची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली आणि शिपायांच्या तोंडी असलेला 'शेल-शॉक' हा शब्द शास्त्राच्या पुस्तकात आला. प्रारंभी तर्क असा की तोफगोळ्याच्या दणक्याने मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी. परंतु लवकरच आढळले की ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता त्यांनाही हाच विकार जडत होता. दणका हवेतून आलेला नव्हता. मराठीत 'धसका' म्हटले असते तर ही वर्षभराची चर्चा वाचली असती, असा एक मिस्कील विचार मनात येतो.

सैन्याला हा तर्क पचणे जड होते. इजा असेल तर तो जखमी वीर. नुसती भीती असेल तर तो भ्याड. म्हणून कारकुनी तोड निघाली. शत्रूच्या गोळ्यामुळे झालेला शेल-शॉक म्हणजे 'जखमी', त्याला बाहीवर जखमेची पट्टी आणि पेन्शन. अन्य प्रकारचा म्हणजे 'आजारी', त्याला दोन्ही नाही. म्हणजे रोग एकच, परंतु गोळा किती पावलांवर फुटला यावर माणसाची अब्रू ठरू लागली. पुढे १९१७ मध्ये तर हा शब्दच कागदावरून काढण्याचे हुकूम सुटले आणि रोग्याच्या गळ्यात 'अद्याप निदान झालेले नाही' अशा अर्थाची चिठ्ठी अडकवू लागले. शब्द काढला तरी रोगी कमी झाले नाहीत. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रोग्यांची संख्या ८०,००० च्या घरात गेली होती.

या रोग्यांवर दोन ठिकाणी जे उपचार झाले त्यांची तुलना उद्बोधक आहे. पहिले ठिकाण लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील इस्पितळ. तेथे लुईस यीलँड नावाचा तरुण डॉक्टर विजेचे झटके देई. त्याने स्वतःच १९१८ च्या आपल्या पुस्तकात एका चोवीस वर्षांच्या शिपायाची हकीकत लिहिली आहे. हा शिपाई मॉन्सपासून गॅलिपोलीपर्यंत अनेक लढाया लढलेला, पुढे सालोनिका येथे त्याची वाचा बसली आणि नऊ महिने तो बोललाच नव्हता. यीलँडने त्याला अंधाऱ्या खोलीत नेले, दार बंद केले, घशाशी विजेची तार लावली आणि बोलता झाल्याविना येथून सुटका नाही असे बजावले. तू वीर आहेस, वीरासारखा वाग, असाही उपदेश मधूनमधून चालू होता. चार तासांनी तो शिपाई बोलू लागला. डॉक्टराने विजय नोंदविला. शिपायाला काय सांगावयाचे होते, ते कोणी विचारल्याचे पुस्तकात नाही.

दुसरे ठिकाण स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट. १९१६ च्या ऑक्टोबरात तेथे अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय उघडले आणि डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स तेथे रुजू झाले. हे नाव हिंदी वाचकास परके वाटू नये. हेच रिव्हर्स १९०१-०२ मध्ये निलगिरीवर तोडा लोकांत राहिले होते आणि त्या लोकांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ साली निघाला. परक्या माणसाजवळ बसून त्याचे ऐकून घेण्याची सवय त्यांना असावी. क्रेगलॉकहार्टला येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्यास घरच्यांनी, मित्रांनी, आधीच्या डॉक्टरांनी एकच सल्ला दिलेला असे: झाले गेले विसर, त्याचा विचारही करू नकोस. रिव्हर्स यांनी डिसेंबर १९१७ मध्ये वाचलेल्या एका निबंधात दाखवून दिले की हा सल्लाच पुष्कळदा रोग वाढवितो. दिवसा दाबून ठेवलेले रात्री स्वप्नात उसळते.

त्या निबंधातला एक दाखला सांगण्याजोगा आहे. एक अधिकारी आपल्या मित्राच्या शोधात गेला आणि त्याला मित्राच्या देहाचे तुकडे सापडले. रोज रात्री तेच दृश्य स्वप्नात येई. रिव्हर्सनी त्याला ते विसरण्यास सांगितले नाही. देहाची ती अवस्था हाच मित्र तत्क्षणी गेल्याचा, त्याला तळमळावे लागले नसल्याचा पुरावा आहे, एवढेच त्याच्या ध्यानात आणून दिले. त्यानंतर त्या अधिकाऱ्यास स्वप्न पडले ते निराळे. त्यात तो मित्राशेजारी बसून त्याच्या वस्तू काढून घेत होता आणि भीतीऐवजी दुःख होते. ज्यांना असा कोणताही दिलासा देण्याजोगा धागा सापडला नाही, अशा रोग्यांविषयीही रिव्हर्सनी तितक्याच प्रांजळपणे लिहिले आहे. मला हा प्रांजळपणा त्यांच्या यशापेक्षा मोठा वाटतो.

रिव्हर्सचे आणखी एक निरीक्षण आहे. वाचा बसणे, हातपाय लुळे पडणे हे साध्या शिपायांत अधिक. निद्रानाश, दुःस्वप्ने, सततची धास्ती हे अधिकाऱ्यांत अधिक. कारण अधिकाऱ्याला लहानपणापासून शाळेत शिकविलेले असते की भीती दिसू द्यावयाची नाही. शिपायाचा देह मात्र त्याच्या वतीने बोलतो. क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांसाठी होते हेही विसरू नये. सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे कवी १९१७ मध्ये तेथे होते, म्हणून जगाला ते ठिकाण ठाऊक झाले. साध्या शिपायाच्या वाट्याला बहुधा यीलँड येई, किंवा लष्करी न्यायालय. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यातील ३०६ जणांना पहाटे खांबाला बांधून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतले काही आज ज्याला आपण उघडपणे मनोरोगी म्हणू असे होते. या दोन अपराधांसाठीचा देहदंड १९३० साली रद्द झाला. त्या ३०६ जणांना क्षमा मिळावयास २००६ साल उजाडावे लागले.

हिंदी शिपायांकडे पाहण्याची तऱ्हा याहून निराळी होती. फ्रान्समधील हिंदी सैन्याच्या पत्रांवर तपासनीस बसविलेले होते. त्यांचा प्रमुख कॅप्टन हॉवेल याने जानेवारी १९१५ मध्ये वरिष्ठांना कळविले की पुष्कळ शिपाई पत्रांत कवितेकडे वळू लागले आहेत आणि हे मनाच्या अस्वस्थतेचे चिंताजनक लक्षण वाटते. या नोंदीवर मी पुष्कळदा विचार केला आहे. शिपायांना सरळ लिहिता येत नव्हते. म्हणून कोणी माणसे मक्यासारखी भाजली जात आहेत असे लिहिले, कोणी कापलेल्या पिकाच्या पेंढ्यांची उपमा दिली, आणि गोऱ्या-काळ्या सैन्यासाठी लाल मिरी, काळी मिरी असे सांकेतिक शब्द योजले. आपल्या आजीच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. जे बोलता येत नाही ते जात्यावर गाता येते. पुरुषाला जाते नव्हते. त्याने पोस्टकार्ड वापरले, आणि तेही तपासनिसाने वाचले.

हिंदी जखमींविषयी आणखी एक कुजबुज उठली होती की यांच्या हातांना इतक्या जखमा कशा, हे स्वतःच गोळी मारून घेत असावेत. ब्रायटनच्या किचनर इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये एक हजार जखमांची बारकाईने छाननी केली आणि या आरोपाला आधार नसल्याचे लिहिले. शंका मात्र आधी घेतली गेली होती आणि शिक्षाही काहींना झाल्या होत्या.

येथे आपल्या ज्ञातीच्या अभिमानाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, आणि ते कोणास बोचल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. 'लढवय्या जाती' ही वर्गवारी आपल्या पूर्वजांनी केलेली नाही. ती इंग्रजांच्या भरतीच्या वहीतली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरसेनापती रॉबर्ट्‌स यांच्या लेखी मुंबई इलाख्याचे शिपाई उत्तरेकडील शिपायांहून कमअस्सल ठरले होते. मेसोपोटेमियानंतर आपले मोल त्याच वहीत पुन्हा वाढले आणि ११७ व्या पलटणीस 'रॉयल' हा किताब मिळाला. ते मोल रक्ताने मिळविलेले आहे, यात शंका नाही. परंतु त्या किताबाची एक किंमत घरात भरावी लागली. जो जन्मतःच शूर असे सरकारने आणि समाजाने ठरविले, त्याला भ्यावयाची सोय उरत नाही. त्याची भीती मग भीती म्हणून घरात येत नाही. ती दारूच्या बाटलीतून येते, मुलाच्या पाठीवरील वळातून येते, किंवा ओसरीवर बसून तासन्‌तास रस्त्याकडे पाहणाऱ्या, कोणाशीही चार शब्द न बोलणाऱ्या पेन्शनर आज्याच्या रूपाने येते. 'आजोबा कडक होते' एवढेच आपण नातवंडांना सांगतो.

गावी अशा माणसावर जे उपाय झाले ते तुच्छतेने मोडीत काढू नयेत. देवऋषीने अंगारा लावला, बाहेरची बाधा म्हणून गाणगापूरची वारी झाली. त्यात शास्त्र नव्हते. तथापि निदान दोष त्या माणसाचा नव्हता, बाहेरच्या कशाचा तरी होता. शहरी सुशिक्षितांनी तेवढीही सवलत ठेवली नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले; रत्नागिरी आणि येरवडा येथेही तशी रुग्णालये आहेत. या गावांची नावे आपल्या बोलण्यात कशासाठी येतात? 'याला ठाण्याला पाठवा' या थट्टेसाठी. ज्या थट्टेवर सारे घर हसते, त्या घरातला आजारी माणूस तोंड उघडील कसा? आणि स्थळे पाहताना 'त्या घरात वेडाचा अंश आहे' एवढे एक वाक्य कानावरून कानावर गेले की तीन बहिणींची लग्ने अडतात. तेव्हा गप्प बसणे ही त्या माणसाची एकट्याची हट्टी वृत्ती नव्हे. सारे घर मिळून त्याला गप्प बसविते, आणि पुष्कळदा प्रेमानेच.

युद्धानंतर इंग्लंडात १९२१ च्या सुमारास सुमारे ६५,००० माजी सैनिक मज्जाविकारासाठी पेन्शन घेत होते. तेथेही अवहेलना संपली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात विमानदलातील जे वैमानिक खचले त्यांच्या कागदावर 'नैतिक बळाचा अभाव' असा शेरा मारीत. अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, या विकाराला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणून अधिकृत वैद्यकीय नाव मिळाले. आपल्या देशात १९१२ च्या वेडेपणाच्या कायद्यापासून २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यापर्यंतचा प्रवास झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस अपराधी नसून असह्य ताणाखाली आहे असे मानावे, हे त्या शेवटच्या कायद्यात आले. कायदा पुढे गेला हे चांगले झाले. परंतु २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, त्यांपैकी शेकडा ७२ च्या आसपास पुरुष होते, आणि राज्यांत सर्वाधिक संख्या, २२,७४६, महाराष्ट्राची होती, हा सरकारी अहवालाचा आकडा आहे. यांतील फार थोडे रणांगणावर गेले असतील. कर्ज, नोकरी, आजार, घरातली भांडणे यांनी खचलेली ही माणसे. शिपायासाठी घडविलेली मौनाची शिस्त आपण शेतकऱ्याला, कारकुनाला, परीक्षेत नापास झालेल्या मुलाला, सर्वांनाच लावली, असे मला वाटते. केंद्र सरकारने २०२२ साली 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा असून मराठीतही बोलता येते. तो क्रमांक मंडळाच्या दिनदर्शिकेवर छापावा, अशी सूचना मी कार्यकारिणीस केली आहे.

अखेरीस एका कामाविषयी. बसरा येथे मेसोपोटेमियात कामी आलेल्यांचे मोठे स्मारक उभारले गेले. १९९७ साली ते तेथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांच्या मात्र पलटणीचे नाव आणि पुढे 'आणखी इतके' असा आकडा आहे. हा भेदभाव झाल्याचे राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या अहवालाने २०२१ मध्ये मान्य केले. मेलेल्यांची नावे आता तरी कागदोपत्री शोधता येतात. परत आलेल्यांची माहिती मात्र आपल्याच घरांत आहे, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांत आणि ऐंशी-नव्वदीच्या वृद्धांच्या आठवणींत. आणि ती फार दिवस राहणार नाही.

म्हणून सभासद कुटुंबांस विनंती की, आपल्या घराण्यातील जो कोणी १९१४ पासून पुढे कोणत्याही युद्धावर जाऊन परत आला असेल, त्याची माहिती मंडळाकडे पाठवावी. पलटण, गेल्याचे आणि परतल्याचे साल, बिल्ले, हे तर कळवावेच. शिवाय परतल्यावर तो कसा राहिला, झोप कशी होती, लढाईविषयी बोलत असे की नाही, कोणत्या आवाजाला दचकत असे, काही औषधोपचार वा देवदेवस्की झाली काय, हेही जसे आठवेल तसे लिहावे. ज्या घरांना नाव नको असेल त्यांचे नाव छापले जाणार नाही. संग्रहातही केवळ गाव आणि साल राहील. पत्रे असतील तर मूळ पत्रे पाठवू नयेत, छायाप्रत पुरेशी आहे. मोडीतील पत्रे वाचून देण्याची सोय करता येईल.